त्रेचाळीस इंचांचा मध्यममार्ग

'मध्यम' या शब्दावर मराठी माणसाचा फार जीव आहे. आपण मध्यमवर्गीय असतो, बघता बघता मध्यमवयीन होतो, मिसळ मध्यम तिखट मागवतो आणि चहा मध्यम गोड. लग्नाच्या जाहिरातीत उंची काहीही असो, बांधा मध्यमच असतो. कीर्तनकारापासून डॉक्टरापर्यंत सगळे आपल्याला एकच सांगत आले आहेत, की बाबांनो, अती करू नका. बुद्धाचा मध्यम मार्ग तर अडीच हजार वर्षांचा जुना. एका बाजूला राजवाड्यातली चैन, दुसऱ्या बाजूला देह झिजवणारी तपश्चर्या, आणि वाट मधून. एवढी पुण्याई पाठीशी असलेल्या माणसाला मध्यम आकाराचा टीव्ही निवडायला कितीसा वेळ लागावा?

आम्हाला अडीच महिने लागले.

त्याला कारण आहे. मध्य काढायचा तर आधी दोन टोकं ठाऊक हवीत. टीव्हीच्या दुकानात एक टोक जागच्या जागी असतं आणि दुसरं रोज पुढे सरकत असतं. बत्तीस इंच हे अलीकडचं टोक. पलीकडे पंचावन्न, मग पासष्ट, मग पंचाहत्तर. एपिक्टेटस नावाचा एक ग्रीक तत्त्वज्ञ होता. त्याने हे जोड्यांच्या बाबतीत सांगून ठेवलं आहे. त्याचं म्हणणं असं, की जोड्याचं माप पायाने ठरवावं. एकदा पायाचं माप सोडलं, की माणूस आधी सोनेरी जोडा मागतो, मग जांभळा, मग भरतकामाचा, आणि पुढे त्याला सीमा नाही. आमच्या गल्लीच्या तोंडावरचं दुकान एपिक्टेटसने पाहिलं नव्हतं, तरी त्याला ते बरोबर माहीत होतं.

आमच्या घरातला जुना टीव्ही बत्तीस इंची. २०१२ साली घेतलेला. २०२५ च्या जुलैत त्याच्या मधोमध एक उभी हिरवी रेघ उमटली. चर्चेच्या कार्यक्रमात ती रेघ फार शोभे. सत्ताधारी एका बाजूला, विरोधक दुसऱ्या बाजूला. पण मालिकेतल्या नवरा-बायकोंमध्ये सुद्धा ती आडवी यायला लागली तेव्हा मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने टीव्हीची पाठ न उघडताच सांगितलं, "पॅनेल गेलंय काका. दुरुस्त करण्यापेक्षा नवा घ्या." पूर्वीचे दुरुस्तीवाले निदान पाठ उघडून, एक सुस्कारा सोडून मग हे सांगत.

रात्री जेवताना सभा भरली. मी पंचवीस हजारांचा आकडा सांगितला. मध्यमवर्गीय घरात असे आकडे कुठून येतात हे कुणी विचारत नाही. ते वडिलोपार्जित असतात. मुलीने पंचावन्न इंचांची मागणी केली. बायको म्हणाली, "शोकेसमधला खण शंभर सेंटीमीटरचा आहे. त्यात बसेल तो आणा. शोकेस बदलायची म्हटलीत तर टीव्ही तुमच्या डोक्यावर ठेवावा लागेल." आणि आई म्हणाली, "मला मेलीला काय, बत्तीस पुरे. त्यातलाही अर्धा मी डोळे मिटूनच बघते."

आईचं वय अठ्ठ्याहत्तर. दिवसभर टीव्हीपुढे तीच असते. सकाळी कीर्तन, दुपारी मालिका, संध्याकाळी बातम्या, आणि क्रिकेट असेल तर सगळं रद्द. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्या वर्षभरात तिची खुर्ची टीव्हीच्या दिशेने थोडी थोडी सरकत चालली होती. तिथे पंख्याचा वारा बरा लागतो असं तिने सांगितलं होतं.

मी टेप घेऊन शोकेसपुढे उभा राहिलो आणि पहिली गोष्ट कळली ती अशी, की टीव्ही ही वस्तू आपण तिरपी मोजून विकत घेतो. साडी कुणी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजत नाही. खिडकी नाही, सतरंजी नाही. टीव्ही मात्र कर्णाने मोजतात. महाभारतातला कर्ण दानशूर होता तसा भूमितीतलाही आहे. तो मोकळ्या हाताने इंच वाटतो. त्रेचाळीस इंची टीव्ही प्रत्यक्षात जेमतेम पंच्याण्णव सेंटीमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न उंच भरतो. म्हणजे शोकेसमध्ये बसतो. पण याच कर्णाची दुसरी बाजूही आहे. बत्तीसवरून त्रेचाळीसवर गेलं तर इंच अकराच वाढतात, पण पडद्याचं क्षेत्रफळ ८० टक्क्यांनी वाढतं. बत्तीसवरून पंचावन्नवर गेलं तर ते जवळजवळ तिप्पट होतं. बायकोला मी हे कागदावर काढून दाखवलं. तिने कागदावर दुधाचा हिशेब लिहिला.

मग शास्त्राकडे वळलो. आमच्या दिवाणावर बसलेल्या माणसाचा डोळा आणि शोकेस यांत साडेसात फूट अंतर आहे. एक नियम सांगतो, की पडद्याने नजरेतले तीस अंश व्यापले तर सिनेमाचा आनंद मिळतो. त्या हिशेबाने आम्हाला छप्पन्न इंच हवेत. मुलगी टाळ्या पिटायला लागली. दुसरा हिशेब सांगतो, की त्रेचाळीस इंची पडद्यावर 'फुल एचडी'चे वीस लाख ठिपके असले, तर पावणेसहा फुटांपलीकडून चांगल्या डोळ्यालाही ते सुटे दिसत नाहीत. 'फोर के' टीव्हीत ते ठिपके ८३ लाख असतात. म्हणजे साडेसात फुटांवर बसून मी ६२ लाख ठिपके पैसे मोजून घ्यायचे आणि ते मला दिसायचे नाहीत. डोळ्याला निसर्गाने मर्यादा घालून दिली आहे. हव्यासाला घालायची राहून गेली.

मुलगी म्हणाली, "बाबा, माझा फोन साडेसहा इंची आहे. मी तो एक फुटावर धरते. साडेसात फुटांवरून तेवढाच दिसायला टीव्ही किती मोठा लागेल?"

मी गुणाकार केला. पावणेएकोणपन्नास आला. म्हणजे त्रेचाळीस इंची टीव्ही तिच्या फोनपेक्षा लहान! मी शास्त्र बंद करून ठेवलं.

माझ्या लहानपणी असले हिशेब नव्हते. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला टीव्ही आला, आणि १९८२ साली एशियाडच्या वर्षात तो रंगीत झाला. आमच्या घरी आला तो मात्र काळा-पांढरा, वीस इंची, सरकत्या लाकडी दारांचा, कुलूप लागणारा. पोस्टातून त्याचा परवाना काढावा लागे, जशी काही घरात बंदूकच आणली आहे. १९८७ साली 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी आमच्या दोन खोल्यांत तीस-तीस माणसं जमायला लागली. पोरं सतरंजीवर, म्हातारी खुर्च्यांवर, उशिरा आलेली खिडकीत. वीस इंचांना तीस माणसं. माणशी पाऊण इंचसुद्धा येत नव्हता, पण पडदा लहान आहे अशी तक्रार कुणी केल्याचं मला आठवत नाही. तक्रार असे ती पुढे बसलेल्याच्या डोक्याची. आता चार माणसांना त्रेचाळीस इंच अपुरे पडतात. डोळे तेव्हाही हेच होते. मग बदललं काय?

बदलली ती रेघ. गरज कुठे संपते आणि चैन कुठे सुरू होते ती रेघ. ही रेघ अदृश्य असते अशी माझी समजूत होती, पण सरकारने ती चक्क इंचांत आखून ठेवलेली सापडली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा टीव्हीवर कर होता २८ टक्के. जुलै २०१८ मध्ये सरकारला वाटलं, की ६८ सेंटीमीटरपर्यंतचा, म्हणजे सत्तावीस इंची टीव्ही काही चैन नव्हे. त्याला १८ टक्के पुरेत. १ जानेवारी २०१९ पासून ही रेघ बत्तीस इंचांवर गेली. पाच महिन्यांत भारतीय माणसाची गरज पाच इंचांनी वाढली! आम्ही टीव्ही शोधत होतो त्या ऑगस्टपर्यंत ती तिथेच होती. बत्तीस इंचांपर्यंत साधी राहणी, तेहतिसाव्या इंचापासून विलास.

सरकारला कशाला हसा? प्रत्येक माणूस ही रेघ आखतोच, आणि नेमकी स्वतःच्या डोक्याच्या वर बोटभर अंतर सोडून आखतो. माझा स्कूटर ही गरज, शेजाऱ्याची मोटार ही चैन. शेजाऱ्याला विचाराल तर मोटार ही गरज आणि वरच्या मजल्यावरच्यांची दुसरी मोटार ही चैन. स्वतःपेक्षा खालच्याच्या बाबतीत तर आपण आणखी कडक असतो. "घरात धड पाणी नाही, पण टीव्ही बघा केवढा!" हे वाक्य आमच्या सोसायटीत इतक्यांनी इतक्यांदा म्हटलं आहे, की ते कुणाचं आहे हे आता सांगता येणार नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना बायकोने विचारलं, "जुना टीव्ही न्याल का? रेघ आहे, पण चालतो."

मावशी म्हणाल्या, "नको ताई. आमच्याकडं त्रेचाळीसचा हाय. हप्त्यावर घेतलाय गेल्या वर्षी."

घरात क्षणभर शांतता पसरली. मी जरा चाचरत विचारलं, "त्रेचाळीस? खोली केवढी आहे तुमची?"

"दहा बाय दहा. दादा, सहा माणसं हाये आमी. पोरांनी संध्याकाळी जायाचं कुठं? समदी मिळून एकदा सिनेमाला न्या बरं, तिकिटाचे किती होत्यात बगा. आन् भाईर मुलगी उशिरापर्यंत फिरली तर जिवाला घोर. आता समदी घरात असत्यात. हप्ता परवडला पर त्यो घोर न्हाई परवडत."

एवढं बोलून त्या भांडी घासायला गेल्या. अर्थशास्त्राची इतकी सरळ मांडणी मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. बत्तीसच्या वरचे अकरा इंच सरकारच्या वहीत चैन होते. मावशींच्या वहीत ते मुलीच्या सुरक्षिततेच्या खात्यावर पडले होते.

दुकानात गेलो. एक चुणचुणीत पोरगा पुढे आला. "बजेट किती सर?" मी म्हटलं, पंचवीस. त्याने आम्हाला तीन टीव्हींपुढे उभं केलं. बत्तीस, त्रेचाळीस, पंचावन्न. पंचावन्नची किंमत त्रेचाळीस हजार. "सर, फरक फक्त अठरा हजारांचा. दोन वर्षांच्या हप्त्यात रोजचे पंचवीस रुपये. दोन चहा सोडलेत की झालं." चहा सोडून टीव्हीपुढे बसायचं असेल तर टीव्ही कशाला घ्यायचा, हे त्याला कोण समजावणार? माझी नजर आपसूक मधल्या टीव्हीवर स्थिरावली. मोठा परवडत नाही, लहान शोभत नाही, मधला बरा. मध्यम मार्ग!

पण तिथेच मला एक शंका चावली. इटामार सायमन्सन या संशोधकाने १९८९ साली दाखवून दिलं आहे, की तीन वस्तू ओळीने मांडल्या की माणसाचा कल मधलीकडे झुकतो, आणि मधली कोणती हे अर्थात मांडणाराच्या हातात असतं. या पोराने पंचावन्न, पासष्ट आणि पंचाहत्तर मांडले असते तर मी पासष्ट इंचांना संयम म्हणालो असतो. मग हा मध्यम मार्ग माझा, की दुकानदाराचा?

घरी येऊन अॅरिस्टॉटल काढला. सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो हे त्याचं मत सगळ्यांना माहीत असतं. पण पुढची गोष्ट आपण सोयीने विसरतो. तो म्हणतो, हा मध्य गणितातला नव्हे. दहा मापं अन्न फार आणि दोन मापं थोडं, म्हणून गुरूने सगळ्यांना सहा मापं वाढायची नाहीत. मिलो नावाच्या पहिलवानाला सहा मापं थोडी पडतील आणि आखाड्यात नुकत्या उतरलेल्या पोराला ती जास्त होतील. बत्तीस आणि पंचावन्न यांचा गणितातला मध्य साडेत्रेचाळीस येतो. तो काढायला तत्त्वज्ञान कशाला, पाटीवरची बेरीज पुरे. खरा प्रश्न असा, की आपल्या घरात मिलो कोण?

"आजी!" मुलगी म्हणाली. "सगळ्यात जास्त टीव्ही तीच बघते."

तेव्हा पुढच्या रविवारी आम्ही आईला घेऊन दुकानात गेलो. ती यायला तयार नव्हती. "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही आणाल तो बघेन." दुकानातल्या पोराने एक प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. मी खिशातून टेप काढून साडेसात फूट मोजले. पडद्यांवर पोपट उडत होते, धबधबे कोसळत होते, कलिंगडं चिरली जात होती. मी म्हटलं, "हे काढ आणि मराठी बातम्या लाव. आमच्या घरी धबधबा नाही." बातम्यांच्या खालची पळती पट्टी आईने वाचून दाखवायची असं ठरलं.

बत्तीसवर ती म्हणाली, "काहीतरी पळतंय."

त्रेचाळीसवर तिने एक ठळक मथळा वाचला, पण पट्टी सुटली.

पंचावन्नवर पट्टीतले निम्मे शब्द वाचले आणि म्हणाली, "हा निवेदक अंगावर येतो रे."

मुलगी विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होती. पोराने आता बिलाचं पुस्तक काढायला हरकत नव्हती. तो आईपुढे वाकून म्हणाला, "आजी, कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय? उजव्या? तो हातानं झाका बरं."

आईने उजवा डोळा झाकला. जरा वेळाने म्हणाली, "बंद केलास का टीव्ही?"

पंचावन्न इंची टीव्ही समोर झगझगत होता.

"काका, माझ्या आजीचं असंच होतं," पोरगा हळूच म्हणाला. "पंचाहत्तरचा घेतलात तरी उपयोग नाही. आधी डोळा करून घ्या." एवढं बोलून त्याने आपलं त्या दिवशीचं कमिशन स्वतःच्या हातांनी घालवलं.

रिक्षात आईने सगळं सांगितलं. वर्षभर डाव्या डोळ्यापुढे धुकं होतं. "पण एका डोळ्यानं दिसतंय की. पुरे झालं या वयात. उगाच तुमच्यावर खर्च." पंख्याचा वारा वगैरे सगळं थोतांड होतं.

त्या रात्री मला 'पुरे' या शब्दाची पहिल्यांदा भीती वाटली. समाधानाचं आपण इतकं कौतुक करतो, पण ते समाधान घरात नेमकं कोण करून घेतं हे बघत नाही. सगळ्यांत शेवटी पानावर बसणारी बाई 'मला एवढी आमटी पुरे' म्हणते तेव्हा पातेल्यात तेवढीच आमटी उरलेली असते. हव्यासाला चार शहाणे टोकतात. कमी मागणाऱ्याला कुणी टोकत नाही, कारण ते सगळ्यांच्या सोयीचं असतं. अॅरिस्टॉटलच्या हिशेबात जास्ती हा दोष आहे तसा कमी हाही दोषच आहे. मध्य गाठायचा तर काहींना खाली उतरावं लागतं हे खरं, पण काहींना हाताला धरून वर आणावं लागतं.

टीव्हीची खरेदी पुढे ढकलली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईचा डावा डोळा झाला. ती डोळ्यात थेंब घालून घेत घरात पडून होती तेव्हा ३ तारखेला दिल्लीत जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून, ऐन घटस्थापनेला, बत्तीसच्या वरचे टीव्हीही १८ टक्क्यांत आले. रेघच पुसली गेली. मूळ किंमत वीस हजार असलेल्या टीव्हीवर ५,६०० रुपये कर होता तो ३,६०० झाला. आमच्या घरात मोतीबिंदू निघेपर्यंत दिल्लीत चैनीची गरज झाली होती.

आता अडचण अशी झाली, की आई दिवाणावरून, साडेसात फुटांवरून, जुन्या बत्तीस इंची टीव्हीची पळती पट्टी घडाघडा वाचायला लागली. हिरव्या रेघेच्या अलीकडची आणि पलीकडचीसुद्धा. टीव्ही मोठा करण्याचा इतका खात्रीचा उपाय कुठल्याच दुकानाने मांडून ठेवलेला नव्हता. म्हणजे त्रेचाळीस इंचांचं जे एकमेव कारण आमच्यापाशी होतं, ते ऑपरेशनने काढून टाकलं.

तरीही दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, आम्ही त्रेचाळीसच घेतला. मुंबईच्या टीव्हीला त्या दिवशी त्रेपन्न वर्षं झाली होती, हा शुद्ध योगायोग. घेतला त्याच पोराकडून. कारण विचाराल तर कारण नाही. आम्हाला तो हवा होता. माणसाला काही गोष्टी हव्याशा वाटतात, आणि त्यात पाप आहे असं मला वाटत नाही. हव्याला गरजेचे कपडे घालून मिरवू नये, एवढं पथ्य पाळलं की झालं. आणि पैसे मोजण्याआधी एकदा मागे वळून बघावं. आपल्या हौशीच्या मागे, रांगेत, कुणाची तरी गरज गप्प उभी नाही ना? नसेल तर खुशाल घ्यावा, किती का इंचांचा असेना. असेल तर बत्तीसही चैनच.

आई आता दिवाणावर टेकून टीव्ही बघते. पळत्या पट्टीवरून धरणांतले पाणीसाठे आणि सोन्याचे भाव आम्हाला स्वयंपाकघरापर्यंत ओरडून सांगते. दुसऱ्या डोळ्याचा एकच त्रास झाला आहे. तिला आता टीव्हीवरच्या बातम्यांइतकीच टीव्हीवरची धूळही स्पष्ट दिसते, आणि तीही ती सगळ्यांना वाचून दाखवते.